रोख कोणाकडे

खराडे गुरुजींना मूळव्याध आहे, ही गोष्ट सबंध तासगाव तालुक्याला माझ्यामुळे कळली. तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत, आणि त्यात त्यांची काही चूक नाही.

घडलं ते असं. दोन हजार चौतीस साल होतं आणि आमच्या तालुक्याचं स्वतःचं समाजमाध्यम सुरू होऊन तीन वर्षं झाली होती. सगळ्या जगाला एकाच मांडवात कोंबणाऱ्या मोठ्या कंपन्यांना लोक विटले होते आणि कोणत्याही तालुक्याला आपापलं छोटं जाळं उभं करायची मुभा मिळाली होती. आमच्या जाळ्याचं नाव ‘पार’. सगळ्यांना दिसेल असं लिहिलं की ते पारावर टाकलं म्हणायचं आणि एकालाच लिहिलं की कानात सांगितलं. अकरा हजार माणसं पारावर होती. त्यांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायला मी एक यंत्रमदतनीस लिहिला होता, निरोप्या. एसटी किती वाजता, पाणी कधी येणार, दाखल्याला कोणते कागद लागतात, काहीही विचारावं आणि त्यानं सांगावं.

संगणकाच्या दृष्टीनं जाहीर उत्तर आणि खासगी निरोप यांत फरक अगदी थोडा असतो. मजकूर तसाच, पाठवणाराही तसाच. फक्त प्रत्येक संदेशाबरोबर एक छोटी खूण जाते, की हा सगळ्यांना दाखवायचा का एकालाच. उत्तर देणाऱ्या यंत्रानं प्रश्नावरची खूण उत्तरावरही उमटवायची असते. मी ते लिहायला विसरले, आणि खूण नसली की पार तो संदेश सगळ्यांना दाखवी. गुरुजींनी कानात विचारलं आणि निरोप्यानं पारावर सांगितलं, “खराडे गुरुजी, मूळव्याधीचे डॉक्टर मंगळवारी आणि शुक्रवारी दहा ते एक बसतात.” गुरुजी चिडले. पण त्यांच्या आडोशानं त्या दवाखान्याची वेळ समजलेले एकतीस जण पुढच्या मंगळवारी रांगेत होते, हेही सांगायला हवं.

खूण उमटवायची ओळ मी त्याच दिवशी लिहिली. कानात आलेलं कानात, पारावर आलेलं पारावर. पारचे नियम सांभाळणारी माझी मैत्रीण शाहीन मुजावर हिनं तो नियम मोठ्या अक्षरांत छापून माझ्या टेबलासमोर चिकटवला. मला वाटलं, संपलं. पण आमच्या तालुक्यातली माणसं अशी सरळ बोलणारी असती तर अजून काय हवं होतं?

आमच्याकडे ‘लेकी बोले सुने लागे’ ही नुसती म्हण नाही, रोजचा व्यवहार आहे. पारावर कोणी लिहितं, “काही लोक पहाटे साडेपाचला गाणी लावून व्यायाम करतात, छान आहे.” हे अकरा हजार जणांना दिसतं, पण रोख असतो शेजारच्या एकाच घराकडे. उलट कोणी कानात सांगतं, “माझ्या मुलीला राज्यात तिसरा नंबर मिळाला, उगाच बोभाटा नको,” आणि बोभाटा झाला नाही तर आठवडाभर तोंड फुगवून बसतं. खूण एक सांगते, माणसाच्या मनात दुसरंच असतं. निरोप्या खुणेवर चालायचा आणि रोज कोणाचा तरी रोष ओढवून घ्यायचा.

म्हणून मी रोखमापक लिहिला. त्यामागचं विज्ञान फार अवघड नाही. भाषा शिकलेलं यंत्र प्रत्येक वाक्याचे आकडे करतं, हजारभर आकड्यांची एक माळ. अर्थानं जवळची वाक्यं त्या आकड्यांतही जवळ येतात. मी वाक्यांप्रमाणे माणसांच्याही माळा केल्या: कोण कशाबद्दल बोलतं, कोणाच्या लिहिण्यानंतर बोलतं, कोणतं नाव लिहून खोडतं, कुठे बोट अडतं. मग कोणतंही वाक्य आलं की ते कोणाच्या जवळ पडतं हे मोजता येतं. रोखमापक दोन उत्तरं देई. हे कोणासाठी आहे, आणि हे किती जणांसमोर व्हावं असं बोलणाऱ्याला वाटतंय. शिकवण्यासाठी गावकऱ्यांनी आपली अकरा महिन्यांची बोलणी राजीखुशीनं दिली होती. ती सगळी मी निरोप्याला वाचायला दिली.

चाचणीला चारशे जण तयार झाले, त्यांत माझी आई आणि मावशीही होत्या. खूण बदलावी असं निरोप्याला वाटलं की तो थांबायचा, नाव झाकून मजकूर माझ्यापुढे ठेवायचा आणि मी ‘जाऊ दे’ किंवा ‘नको’ दाबायचं. पहिल्याच आठवड्यात एका मुलानं पारावर विचारलं, “वाचनालयात कोणाची तरी निळी छत्री राहिलीये का?” रोखमापक म्हणाला, हा प्रश्न एकाच मुलीसाठी आहे. मी ‘जाऊ दे’ दाबलं, तिच्या कानात निरोप गेला आणि आता त्यांचा साखरपुडा ठरलाय. छत्री कोणाचीच नव्हती. मी फार खूश होते, थोडी फुगलेही होते.

आता माझ्या घरची गोष्ट. आई माझ्याकडेच राहते. तिचं नाव शालन, तिच्या धाकट्या बहिणीचं मालन. दोघी मिळून रुखवत करायच्या. लग्नात मुलीकडचे मांडतात ते. पापडांची कमान, कुरडयांचं छत, साखरेचं तुळशीवृंदावन, कोरलेल्या खोबऱ्याच्या वाट्या. तालुक्यात कुठेही लग्न ठरलं की या दोघींना बोलावणं ठरलेलं. नऊ वर्षांपूर्वी माझं लग्न झालं तेव्हा आई बाकीच्या तयारीत बुडाली होती, म्हणून सगळं रुखवत एकट्या मालनमावशीनं केलं. दोन महिने खपली. आणि लग्नात निवेदकानं माइकवर सांगितलं, “हे देखणं रुखवत वधूच्या मातोश्री शालनताई यांनी स्वतःच्या हातांनी घडवलेलं आहे.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. आईनं हात जोडले. मावशी तिथेच, हातात पानसुपारीचं ताट घेऊन उभी होती.

त्या संध्याकाळी आई तिला आत जाऊन म्हणाली, “मी काय करणार गं, तो बोलून गेला.” पुढे चार महिन्यांनी आईनं मोबाइलवर माफीही मागितली. मावशीनं ती मला वाचून दाखवली आणि म्हणाली, “अपमान माइकवर आणि माफी कानात? असं कुठं असतंय?” मला तेव्हा वाटलं, म्हातारपणी माणसं हट्टी होतात. त्यानंतर दोघी बोलल्या नाहीत. बोलल्या नाहीत म्हणजे एकमेकींशी बोलल्या नाहीत. पारावर शेंगापोळीची पाककृती कोणी टाकली की आई खाली लिही, “काही जणी त्यात तीळ घालतात. घालोत बापड्या.” दहा मिनिटांत मावशीचं खाली येई, “तिळानं चव येते. ज्यांना चव कळते त्यांच्यासाठी.”

चाचणीच्या तिसऱ्या आठवड्यात मावशीनं पारावर विचारलं, “लेकीचं लग्न एकोणीस दिवसांवर आलंय. रुखवत करणारं चांगलं माणूस कुणाच्या माहितीत आहे का?”

तालुक्यातली सर्वांत नावाजलेली रुखवत करणारी बाई विचारत होती की रुखवत कोण करतं. लोकांनी भाबडेपणानं बेचाळीस नावं सुचवली. मावशी प्रत्येकाला “बघते” म्हणाली. आईला लग्नाची पत्रिका टपालानं आली होती, बोलावायला कोणी आलं नव्हतं, आणि पत्रिकेवर मी जात नाही असं आई आल्यागेल्याला सांगत होती. जिचं लग्न होतं ती मावसबहीण ऋजुता मला रोज फोन करून रडायची. मावशीच्या लग्नघरात मावशीची अक्का नसेल तर आयुष्यभर दोघी याचीच उजळणी करत बसणार, हे आम्हा दोघींना दिसत होतं. एकदा का ते लग्न तसं होऊन गेलं, की मग माफीलाही काही जागा उरणार नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी ऑफिसात निरोप्यानं माझ्यापुढे दोन मजकूर ठेवले.

पहिला मावशीचा प्रश्न. निरोप्याचं म्हणणं, हा पारावर असला तरी एकाच बाईसाठी आहे, तिच्या कानात पोचवावा. दुसरा मजकूर कोणीतरी निरोप्याच्या कानात सांगितला होता. नाव झाकलेलं होतं. “ते रुखवत सगळं तिचंच होतं. माझा हातसुद्धा लागला नव्हता. टाळ्या वाजल्या तेव्हा मला गोड वाटलं, म्हणून गप बसले. मालीच्या हाताला तोड नाही. पण हे कुणाला सांगू नकोस.” निरोप्याचं म्हणणं, हा कानात असला तरी सगळ्यांसाठी आहे, पारावर टाकावा. खात्री शंभरात सत्त्याण्णव.

माझे डोळे भरून आले. नऊ वर्षांत हे वाक्य आईनं मला, बाबांना, कोणालाच सांगितलं नव्हतं. एका यंत्राला सांगितलं. आणि आता एक बोट टेकवलं की अकरा हजार माणसांसमोर ते मावशीपर्यंत जाणार होतं. मावशीला हवं होतं ते हेच. मी बोट ‘जाऊ दे’वर नेलंही. मग शाहीनला फोन लावला, कारण आपण चूक करतोय हे कळत असलं की माणूस आधी कोणाची तरी परवानगी शोधतं.

“नाव झाकलेलं आहे ना?” शाहीननं विचारलं.

“आईचं बोलणं ओळखायला नाव कशाला लागतंय?”

“मग तुला ते बघायचाच हक्क नव्हता. बघितलंस ते बघितलंस. पण दाबू नकोस. सांगू नको म्हणून बाईनं स्वच्छ सांगितलंय, आणि तुझा निरोप्या तिचं बोलणं पारावर मांडायला निघालाय. लोकांनी आपल्याला कान दिलाय अश्लेषा. एकदा काढून घेतला की परत मिळत नसतोय.”

“पण तो बरोबर ओळखतोय, शाहीन. तिला मनातनं तेच पाहिजे.”

“असेल की. तरी नको.”

मी दोन्हींवर ‘नको’ दाबलं आणि चिडून बसले. शाहीनवर, आईवर, आणि सगळ्यांत जास्त निरोप्यावर. स्पष्ट शब्दांत ‘सांगू नकोस’ म्हटलेलं असताना यंत्र हे उलटं कुठून शिकलं, तेच कळेना. संध्याकाळपर्यंत मी त्याचे आकडे उलटेपालटे करून पाहिले. सगळे नियम जागच्या जागी होते.

दुसऱ्या दिवशी शाहीन माझी समजूत काढायला घरी आली, आणि उत्तर माझ्या स्वयंपाकघरात मिळालं. आईनं तिला विचारलं, “चहा टाकू?”

“नको काकू, आत्ताच झाला.”

“अर्धा घे.”

“खरंच नको.”

“अगं आधण ठेवलंय, आता काय ओतून देऊ?”

“बरं, अर्धा द्या.”

आईनं भरून कप दिला आणि शाहीन तो पूर्ण प्यायली. मी तिच्याकडे पाहत राहिले. असले चहा, असले पोहे, असली लग्नाची आमंत्रणं, अकरा महिन्यांची सगळी मी निरोप्याला शिकवली होती. प्रत्येक ठिकाणी माणसं आधी नको म्हणत होती आणि शेवटी घेत होती. त्यातून यंत्रानं एक साधा हिशेब काढला होता, की नको म्हणजे हो. सगळ्या जगात फक्त आमच्याकडच्या बोलण्यावर शिकलेलं यंत्रच ही चूक करू शकलं असतं. निरोप्या आग्रहाचा शेवट तेवढा शिकला होता, आग्रह करायला शिकलाच नव्हता. मधले दोन प्रश्न त्याला फालतू वाटले होते.

मी हे शाहीनला सांगितलं तेव्हा ती कप धुवायला उठली होती. “मधलेच तर महत्त्वाचे,” ती म्हणाली. “काकूंनी न विचारता चहा पुढे ठेवला असता तर मी प्याले असते, पण तो त्यांचा चहा झाला असता. तीनदा विचारल्यावर हो म्हटलं की तो माझा होतो. आणि तिसऱ्यांदाही नको म्हटलं, तर काकूंना कळतं की हिला खरंच नकोय.”

दोन दिवस मी जेवणसुद्धा ऑफिसातल्या टेबलावर उरकलं. निरोप्याकडून खूण बदलायचा अधिकार मी काढून घेतला. रोख त्यानं खुशाल मोजावा, पण मोजलेला रोख घेऊन तो माझ्याकडे येणार नाही, थेट बोलणाऱ्याकडेच जाईल आणि विचारेल. तीनदा. तिसरं नको हे शेवटचं, त्यानंतर तो विषय त्याच्या आठवणीतून पुसला जाईल. शाहीननं प्रत्येक ओळ वाचली आणि “आता याला माणसात बसवायला हरकत नाही” म्हणून सही केली. लग्नाला पंधरा दिवस उरले होते.

त्या दिवशी बाजार होता आणि मी दुपारी घरीच होते. आई पडवीत शेंगा फोडत बसली होती, मोबाइल शेजारच्या पाटावर. आईला मनात वाचता येत नाही. कानात आलेला प्रत्येक निरोप ती खणखणीत आवाजात वाचते, त्यामुळे आमच्या घरात गुपित टिकत नाही.

मोबाइल वाजला. आईनं चष्मा चढवला आणि वाचलं, “परवा तुम्ही मला रुखवताबद्दल काही सांगितलंत. ते पारावर सांगू का?” ती माझ्याकडे न बघता पुटपुटली, “बया, ह्याच्या अजून ध्यानात आहे,” आणि लिहिलं, नको.

लगेच उत्तर आलं. आईनं वाचलं, “बरं. सगळ्यांना नको, तर निदान मालनताईंच्या कानात सांगू?”

“नको म्हणतीय न्हवं,” आई मोबाइलला म्हणाली आणि तेच लिहिलं. मग मोबाइल पालथा ठेवून ती पुन्हा शेंगा फोडायला लागली. टरफलं दाण्यांच्या भांड्यात जात होती आणि दाणे टरफलांच्या. अजून एक नको आलं की निरोप्या ते वाक्य कायमचं पुसणार होता, आणि तसं मीच त्याला सांगून ठेवलं होतं.

तिसऱ्यांदा मोबाइल वाजला. आईनं तो बराच वेळ उचलला नाही. मग उचलला आणि या वेळी हळू वाचला. “शेवटचं विचारतो, परत विचारणार नाही. तुमच्या बोलण्यावरून मला वाटलं की हे सांगावं असं तुमच्या मनात आहे. माझी समजूत चुकीची असेल. सांगू?”

आईनं पदरानं चष्मा पुसला. तिनं लिहिलं, तेही वाचतच लिहिलं. “नको. तू सांगू नको. माझं मीच सांगते.”

मग तिनं मला हाक मारली. “अशू, हे पारावर लिहिलेलं सगळ्यांना दिसतंय न्हवं?”

“सगळ्यांना.”

“त्या निवेदकाला पण?”

“तो पण आहे पारावर.”

“मग झालं तर.”

मावशीच्या प्रश्नाखाली, बेचाळीस नावांच्या खाली, आईनं लिहिलं. मी शेजारी बसून पाहिलं, पण एका अक्षरालाही हात लावला नाही.

“रुखवत करणारी एक आहे माझ्या माहितीत. नऊ वर्षांमागं माझ्या लेकीच्या लग्नात तिनं दोन महिने खपून सगळं रुखवत केलं. माइकवर नाव माझं घेतलं. मी तिथं उभी होते, मला बोलता येत होतं, तरी बोलले नाही. टाळ्या तिच्या होत्या, त्या मी घेतल्या. तिचं नाव मालन. तिच्यापेक्षा चांगली करणारी ह्या तालुक्यात कोणी नाही, आणि मी तर नाहीच. तिला हाताखाली कोणी लागत असेल तर मी आज येते. शालन.”

पारावर पुढचं काही यायला आठ मिनिटं लागली. आईनं त्या आठ मिनिटांत चहा केला आणि त्यात मीठ घातलं. आम्ही दोघी तो तसाच प्यायलो. मग मावशीचं उत्तर आलं, पारावरच, सगळ्यांसमोर.

“ये अक्का. पुरणपोळीला वाट बघते. साखरेचे साचे तुझ्याकडंच पडलेत नऊ वर्षं, ते घेऊन ये.”

“बघितलंस?” आई म्हणाली. “टोमणा मारल्याशिवाय राहवलं नाही माझ्या मालीला.” आणि ती रडायला लागली. रडता रडता हसायला लागली, आणि मग मीही. मोबाइल थरथरत राहिला, कारण बेचाळीसच्या बेचाळीस जणांना आता काही ना काही लिहायचं होतं. खराडे गुरुजींनीसुद्धा लिहिलं, “शाब्बास.” मला उद्देशून नव्हतं, पण मी त्यातलं थोडं घेतलं.

आईनं तोंड धुतलं, ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसली आणि माळ्यावरून साच्यांची पेटी काढायला लावली. लाकडी साचे, पेटी चांगलीच जड होती. मावशीचं घर बाजाराच्या पलीकडे, वीस मिनिटांवर. मी गाडीची किल्ली घेतली आणि म्हणाले, “चल, मागच्या रस्त्यानं सोडते. पाच मिनिटांत पोचू.”

आई उंबऱ्यात चप्पल घालत होती. “गाडीवर न्हाई,” ती म्हणाली. “चालत जाणार, बाजारातनं. कुणाकडं निघालीये ते लोकांना दिसू दे.”

मी किल्ली खुंटीला लावली, पेटी उचलली आणि तिच्या मागून चालू लागले.